बडोद्यात मराठी स्मरणिका छापून घेताना: पॉइंट, एम, सूत आणि जीएसएमचा हिशोब

मंडळाची स्मरणिका निघायची ठरते आणि बैठकीत कुणीतरी म्हणते, ‘तू लिहितोस ना, मग छपाईचंही तूच बघ.’ काम असे एखाद्या नवख्याच्या गळ्यात पडते. लेख गोळा होतात, जाहिरातीही मिळतात. अडते ते प्रेसच्या टेबलाशी. कागदवाला इंचांत बोलतो, ऑपरेटर पॉइंटांत, जुन्या हातजुळणीतून आलेले काका एममध्ये, कटिंगवाला सुतात, आणि जाहिरात पाठवणारा दुकानदार मोबाइलवरचे चित्र पाठवून ‘अर्ध्या पानात बसवा’ म्हणतो. प्रत्येकजण आपापल्या जागी बरोबर असतो. घोळ होतो तो एकाचे माप दुसऱ्याच्या हाती जाताना.

बडोद्यात अशी कामे मी बरीच वर्षे करून घेतो आहे, रावपुऱ्यात आणि मकरपुऱ्याच्या जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतही. नव्या कार्यकर्त्याला मी पहिल्याच दिवशी एक नियम सांगतो: टाइपाचा आकार आणि ओळींतले अंतर एवढेच पॉइंटांत ठेवा, बाकी सगळे मिलिमीटरमध्ये लिहून द्या. समोरचा कोणत्याही मापात बोलू दे, त्याच्यासमोर ते मिमीत करून कागदावर उतरवा आणि त्याची मान्यता घ्या.

हाताशी काय हवे

- दोन्ही कडांना इंच आणि मिमी असलेली स्टीलची पट्टी, ३० सेंमीची. प्लास्टिकची नको, तिचे टोक झिजलेले असते.
- ज्यासारखी छपाई हवी तसे एक छापील मराठी पुस्तक किंवा जुनी स्मरणिका.
- कॅल्क्युलेटर.
- कागदाचे नमुने, प्रत्येकावर जीएसएम, म्हणजे चौरस मीटरमागचे वजन, लिहून घेतलेले.
- एक मापपत्रक: कापल्यानंतरचा आकार, पृष्ठसंख्या, मजकुराची रुंदी आणि उंची, टाइप, ओळींतले अंतर, कागद, मुखपृष्ठ, प्रती. एका पानात मावले पाहिजे.
- प्रेसचे लेखी कोटेशन. त्यात मापपत्रकातलीच मापे हवीत.

१. आकार ठरवा, आणि कापल्यानंतरचा ठरवा

कागदाच्या आकारांची नावे अजून जुनीच चालतात: क्राऊन, डेमी, रॉयल. क्राऊन म्हणजे १५×२० इंच, डबल क्राऊन २०×३०. ‘१/८’ म्हणजे त्या तावाच्या एका बाजूला आठ पृष्ठे. डबल क्राऊनचे आठ भाग केले की ७.५×१० इंच मिळतात, स्मरणिकेचा नेहमीचा आकार. पण नुसत्या क्राऊनचे आठ भाग केले तर ५×७.५ इंच, म्हणजे खिशात मावणारी पुस्तिका. ‘क्राऊन १/८’ आणि ‘डबल क्राऊन १/८’ यांत निम्म्याचा फरक आहे, आणि बोलताना ‘डबल’ सहज गळतो. शिवाय ‘क्राऊन १/४’ आणि ‘डबल क्राऊन १/८’ हे एकच. एका प्रेसने एक नाव लिहिले आणि दुसऱ्याने दुसरे, तर दर निरखून बघणाराही फसतो.

डेमीचे वेगळेच आहे. ब्रिटिश डेमी १७.५×२२.५ इंच, पण आपल्या बाजारात डबल डेमी म्हणून २३×३६ इंचाचा ताव मिळतो. कादंबरीच्या आकाराचे पुस्तक काढायचे असेल तर कापून हाती येणारा ५.५×८.५ इंच हा आकार लिहा, ‘डेमी’ नुसते कंसात.

७.५×१० इंच हा न कापलेल्या पानाचा आकार. बाइंडिंगनंतर तीन बाजूंनी कटिंग होते आणि साधारण ७.२५×९.५ इंच उरतात. मापपत्रकात हेच लिहा: १८४×२४१ मिमी. कटिंगवाला म्हणेल, ‘वरून दोन सूत, खालून दोन सूत घेतो.’ आठ सुतांचा एक इंच, म्हणजे एक सूत ३.१७५ मिमी. दोन्ही मिळून चार सूत, अर्धा इंच. १० इंचांचे ९.५ झाले, हिशोब जुळला. त्याच्याशी सुतातच बोला, त्याचा हात त्या मापावर बसलेला असतो. फक्त आपल्या कागदावर मिमी असू द्या.

मुखपृष्ठाचे चित्र किंवा रंग पानाच्या कडेपर्यंत जात असेल तर प्रत्येक बाजूला ३ मिमी जास्तीचे ठेवतात, म्हणजे जवळजवळ एक सूतच. यंत्र ताव जिथे पकडते त्या ग्रिपरच्या पट्टीवर छपाई होत नाही, म्हणून आतली पानेही कडेपर्यंत रंगीत हवी असतील तर २०×३० च्या तावात ती बसतात का, हे प्रेसला आधी विचारा. ऐनवेळी विचारलेत तर उत्तर मोठा ताव आणि मोठे बिल असे येते.

२. कोणता पॉइंट?

नवख्याला वाटते पॉइंट म्हणजे पॉइंट. आहेत मात्र तीन, आणि तिन्ही अजून भेटतात.

पॅरिसमध्ये पिएर-सिमाँ फूर्निए याने १७३७ साली टाइपांच्या आकारासाठी पॉइंटची पद्धत मांडली. १७८० च्या दशकात त्याच शहरात फ्रांस्वा-आंब्र्वाझ दिदो याने पॉइंट फ्रेंच राजइंचाशी बांधला: इंचाचा बहात्तरावा भाग. पण राजइंच २७.०७ मिमीचा होता, आपल्या २५.४ मिमीच्या इंचापेक्षा मोठा, म्हणून दिदो पॉइंटही मोठा निघाला, ०.३७६ मिमी. बारा दिदो पॉइंटांचा एक सिसेरो, ४.५१ मिमी. युरोपातली बरीच छपाई यावर चालली.

अमेरिकेतल्या टाइप फौंड्र्यांनी १८८६ मध्ये आपला पॉइंट ठरवला: ८३ पायकांचे ३५ सेंमी आणि १२ पॉइंटांचा एक पायका. हिशोब केला तर पॉइंट ०.३५१४ मिमीचा, आणि इंचात ७२ च्या ऐवजी सुमारे ७२.२७ बसतात. इंग्लंडने मागून हीच पद्धत घेतली आणि तीच आपल्या छापखान्यांत आली. शिशाच्या टाइपांवर काम केलेले काका ‘पायका’ म्हणतात तेव्हा त्यांच्या डोक्यात हा पायका असतो.

तिसरा संगणकाचा. १९८० च्या दशकात पोस्टस्क्रिप्ट ही छपाईचे पान प्रिंटरला सांगणारी संगणकी भाषा आली आणि तिने इंचाचे नेमके ७२ भाग केले. पॉइंट ०.३५२८ मिमी, पायका ४.२३३ मिमी, सहा पायकांचा बरोबर एक इंच. आज पेजमेकर, इनडिझाइन, कोरल, वर्ड, सगळीकडे हाच पॉइंट आहे. अपवाद टेक या गणिती मजकूर जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरचा: तिथे ‘पीटी’ लिहिले की ७२.२७ वाला मिळतो आणि संगणकी पॉइंट हवा तर ‘बीपी’ लिहावे लागते. विद्यापीठातले कुणी गणिताचे प्राध्यापक टेकमध्ये लेख जुळवून देणार असतील तर एवढे लक्षात ठेवा.

जुन्या आणि संगणकी पायकातल्या फरकाची मात्र काळजी करू नका. १८ पायकांच्या रुंदीत तो ०.३ मिमीचा आहे, कागदही हवेने थोडाफार हलतो. दिदोचा फरक सुमारे साडेसहा टक्क्यांचा, तो दुर्लक्षून चालत नाही. इनडिझाइनमध्ये पट्टीचे एकक बदलताना पायकाऐवजी चुकून सिसेरो निवडला जाऊ शकतो, आणि मग १८ च्या रकान्याची रुंदी ७६.२ ऐवजी ८१.२ मिमी होते. ऑपरेटरशेजारी बसलात की आधी त्या पट्टीचे एकक बघा.

आणखी एक सापळा पायका लिहिण्याच्या पद्धतीत आहे. पडद्यावर ‘३७पी६’ दिसले तर त्याचा अर्थ ३७ पायका आणि ६ पॉइंट, म्हणजे साडेसदतीस. ३७.६ नव्हे.

३. एम कशाचा, ते विचारा

माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त पाने एममुळे परत जुळवावी लागतात. एम म्हणजे टाइपाच्या आकाराएवढी रुंदी. १४ पॉइंट टाइपाचा एम १४ पॉइंट, १० पॉइंटाचा १०. पण छापखान्यात रकान्याची रुंदी सांगताना एम म्हणजे कायम पायका एम, १२ पॉइंटांचा, टाइप कोणताही असो.

काका सांगतात, ‘अठरा एमचा कॉलम ठेव.’ म्हणजे १८×१२ = २१६ पॉइंट, ७६.२ मिमी, बरोबर तीन इंच. नवा ऑपरेटर मजकूर १४ पॉइंटचा आहे म्हणून १८×१४ = २५२ पॉइंट धरतो: ८८.९ मिमी. एका रकान्यात अर्धा इंच वाढला, दोन रकान्यांत एक इंच, आणि मजकूर शिवणीत घुसला.

१८४ मिमी रुंद पानासाठी माझी ठरलेली मांडणी देतो. दोन रकाने प्रत्येकी ७६.२ मिमी, मधली गल्ली ६.३५ मिमी, एकूण १५८.७५ मिमी. दोन्ही बाजूंना मिळून २५ मिमी उरतात. ते निम्मे-निम्मे वाटू नका, शिवणीकडे थोडे जास्त द्या.

४. देवनागरीचा पॉइंट डोळ्यांनी तपासा

टाइपाचा पॉइंट अक्षराची उंची सांगत नाही. ज्या ठोकळ्यावर अक्षर बसलेले असे त्या ठोकळ्याची उंची तो सांगतो. शिशाचे ठोकळे गेले तरी फॉन्टमध्ये तो अदृश्य ठोकळा आहेच. देवनागरीत त्या उंचीत वरची वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खालचा उकार, ऋकार हे सगळे बसवायचे असते. फॉन्ट करणाऱ्याने मुख्य अक्षराला किती जागा दिली यावर ते मोठे-लहान दिसते. म्हणून ‘१४ पॉइंट’ एवढेच लिहून भागत नाही, फॉन्टचे नाव सोबत हवे. दोन फॉन्टांत १४ पॉइंटचा ‘क’ छापून शिरोरेखेपासून पायापर्यंत मोजा, फरक पट्टीवर दिसेल.

बडोद्यात यात आणखी एक गोष्ट येते. इथल्या ऑपरेटरचा हात रोज गुजरातीवर चालतो. गुजरातीला शिरोरेखा नाही, तिचे पान डोळ्यांना मोकळे दिसते. त्याच सवयीने तो मराठीला तोच आकार आणि तेच अंतर देतो आणि पान काळे, दाटलेले वाटते. त्यात त्याची चूक काहीच नाही, त्याने मराठी मजकूर वर्षातून एखाद्या वेळी लावलेला असतो. त्याला नमुन्याचे पुस्तक दाखवा आणि ‘भाई, असं हवंय’ म्हणून समोर ठेवा. तो दहा मिनिटांत जुळवून देतो.

तपासायला हे शब्द एकाखाली एक येतील असे लावा: वर ‘उद्धृत’, ‘कृतज्ञता’, ‘वाङ्मय’, खालच्या ओळीत ‘मूर्तींचे’, ‘पूर्वजांनी’, ‘सर्वांत’. वरच्या ओळीतला ‘द्धृ’ खाली किती उतरतो आणि खालच्या ‘र्तीं’वरचे रफार-अनुस्वार किती वर जातात, ते बघा. ती दोन टोके भिडत असतील तर अंतर वाढवा. ऑपरेटरने ‘ऑटो’ ठेवले असेल तर सॉफ्टवेअर बहुधा टाइपाच्या १२० टक्के अंतर देते, १४ ला १६.८ पॉइंट. मराठीला ते अपुरे आहे. मी १४ वर १८ देतो. ज्येष्ठ वाचक जास्त असतील तर १५ वर २०. याच वेळी ‘ळ’, ‘ऱ्या’ आणि मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ नीट उमटतात का, तेही पाहून घ्या.

५. छापील पानावरून अंतर मोजायची रीत

‘मला त्या जुन्या अंकासारखे हवे’ असे मंडळातले कुणी म्हणाले की ही रीत कामी येते, आणि देवनागरीसारखी सोय यात दुसऱ्या लिपीला क्वचितच असेल, कारण शिरोरेखा हीच आखलेली रेघ आहे.

सलग मजकुराचे पान घ्या, मध्ये उपशीर्षक नको. पट्टीचे शून्य टोकावर असेल तर ते वापरू नका, १० मिमीच्या खुणेपासून सुरुवात करा. ती खूण पहिल्या ओळीच्या शिरोरेखेच्या वरच्या कडेवर धरा आणि अकराव्या ओळीच्या शिरोरेखेच्या वरच्या कडेपर्यंत मोजा. अकरा ओळी, म्हणजे दहा अंतरे. दहाव्या ओळीवर थांबलात तर अंतरे नऊच होतात आणि भागाकार दहाने केल्यामुळे उत्तर कमी येते.

समजा पट्टीवर ७३.५ आले. दहा वजा केले, ६३.५ मिमी. दहाने भागले, ६.३५. ०.३५२८ ने भागले, १८ पॉइंट. टाइपाचा आकार असा पट्टीने काढता येत नाही. त्यासाठी तोच परिच्छेद १३, १४ आणि १५ पॉइंटांत छापून जुन्या पानाशेजारी ठेवा.

६.३५ मिमीच्या ३३ ओळींना २०९.५ मिमी लागतात. २४१ मिमीच्या पानात वर-खाली आणि पृष्ठांकासाठी मिळून सुमारे ३१ मिमी राहतात, पुरेसे आहेत. वरच्या मांडणीतली गल्लीही मी ६.३५ चीच ठेवली आहे ती याच कारणाने: ओळींमधले आणि रकान्यांमधले अंतर एक झाले की पान शांत दिसते.

६. जाहिराती

दर ठरवण्यापूर्वी पूर्ण, अर्धे आणि पाव पान यांची मापे मिमीत छापलेला कागद तयार करा आणि जाहिरात मागायला जाणाऱ्या प्रत्येकाच्या हाती द्या. आपल्या पानात पूर्ण जाहिरात १५८×२०९ मिमी, अर्धी आडवी १५८×१०२, पाव ७६×१०२. ‘अर्धे पान’ आडवे की उभे, हे लिहिलेले नसेल तर दोन्ही प्रकारची येतात.

वर्तमानपत्राला दिलेली जाहिरातच दुकानदार पुष्कळदा पाठवतात. तिथे माप चौरस सेंमीत किंवा कॉलम-सेंमीत असते. ८ सेंमी रुंद आणि १२ सेंमी उंच जाहिरात ९६ चौरस सेंमीची, पण १२×८ ही सुद्धा ९६ चीच. क्षेत्रफळावरून आकार कळत नाही, रुंदी आधी आणि उंची नंतर असे लिहून मागा.

मोबाइलवरून आलेल्या चित्राला मिमी नसतात, पिक्सेल असतात. छपाईसाठी इंचाला ३०० पिक्सेल धरा. १५८ मिमी म्हणजे ६.२२ इंच, त्याला सुमारे १८६६ पिक्सेलची रुंदी लागते. निम्मी असेल तर दुकानदाराला मूळ फाइल मागा, आणि व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर चित्र वाटेत लहान होते. वेबसाइटसाठी मजकूर करणारे अक्षरांचा आकारही पिक्सेलमध्ये सांगतात. तिथे १६ पिक्सेलचे १२ पॉइंट होतात.

७. कागद: जीएसएम, रीम, फर्मा

जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचे वजन ग्रॅममध्ये. बाजारात रीम किलोंवर बोलतात, म्हणून दोन्हींची सांगड घालता आली पाहिजे. ५०० तावांच्या रीमसाठी कागदवाल्यांचे सूत्र सोपे आहे: लांबी इंच × रुंदी इंच × जीएसएम, भागिले ३१००. उत्तर किलोत. २०×३०, ७० जीएसएम: ४२,००० भागिले ३१००, म्हणजे १३.५५ किलो. रीम साडेअकरा किलोची निघाली तर कागद ७० नाही, ६० च्या आसपासचा आहे.

रीम ५०० तावांची ना, हेही विचारा. २४ तावांचा दस्ता आणि २० दस्त्यांची रीम, या जुन्या हिशोबात ४८० च ताव येतात.

डबल क्राऊन १/८ च्या तावाला दोन्ही बाजूंनी मिळून १६ पृष्ठे, म्हणजे एक फर्मा. ९६ पृष्ठांचे सहा फर्मे. हजार प्रतींना सहा हजार ताव, १२ रीम, साधारण १६३ किलो, आणि वर नासधुशीचा कागद. तो किती धरला ते कोटेशनमध्ये लिहून घ्या. पृष्ठे १६ च्या पटीत ठेवा, निदान ८ च्या. ९८ वर जाऊ नका, दोन पृष्ठांसाठी वेगळी छपाई आणि वेगळी चिकटवणी करावी लागते. एखादे मनोगत आखडते घेणे परवडते.

मुखपृष्ठाच्या कण्याची रुंदी सूत्राने काढू नका. एकाच जीएसएमचे दोन कागद जाडीला वेगळे असतात. प्रेसकडून त्याच कागदाची कोरी, ४८ पानांची (म्हणजे ९६ पृष्ठांची) डमी बांधून घ्या आणि तिचा कणा पट्टीने मोजा.

८. प्रूफ मोजताना

घरच्या प्रिंटरवर काढलेले प्रूफ वाचायला ठीक, मोजायला नाही. छापताना ‘पानात बसवा’ हा पर्याय चालू असेल तर सगळे काही टक्क्यांनी लहान होते, आणि मग ‘टाइप बारीक झाला’ म्हणून उगीच वाद होतो. ‘मूळ आकार’ किंवा १०० टक्के निवडा. मी पहिल्या पानाच्या समासात १०० मिमीची एक बारीक रेघ टाकून ठेवतो. प्रूफ हाती आले की आधी ती मोजायची. ९७ भरली तर त्या प्रूफावरचे एकही माप धरायचे नाही. अंतिम फाइल देताना ती रेघ काढा.

प्रेसच्या अंतिम फाइलचा आकारही बघा. चारही बाजूंना ३ मिमी जास्तीचे धरले तर १८४×२४१ चे १९०×२४७ होतात. फाइल १८४×२४१ चीच असेल तर कडेचा रंग कटिंगमध्ये पांढरा पट्टा सोडणार.

९. माल ताब्यात घेताना

उरलेली रक्कम देण्यापूर्वी गठ्ठ्यांतून वरची, मधली आणि तळाची अशा प्रती काढा. प्रत्येकीचा आकार मोजा, १८४×२४१ ला एखाद मिमी इकडेतिकडे चालतो. पृष्ठांक सलग आहेत का पाहा, फर्मा उलटा-सुलटा लागला असेल तर १६ च्या घरात चूक सापडते: १६ नंतर १७ आहे ना, ३२ नंतर ३३. मग एक प्रत वजन करा. मुखपृष्ठ सोडून ४८ पाने, प्रत्येक पान १८४×२४१ मिमी म्हणजे ०.०४४३ चौरस मीटर, ७० जीएसएमला ३.१ ग्रॅम, एकूण सुमारे १४९ ग्रॅम. मुखपृष्ठाचा नमुना वेगळा तोलून त्यात मिळवा. खंडेराव मार्केटजवळच्या कुठल्याही किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा यासाठी पुरतो. वजन दहा टक्क्यांहून कमी भरले तर मापपत्रक आणि कोटेशन घेऊन प्रेसमध्ये जा, आणि बोलणी होईपर्यंत गठ्ठे उचलू नका.